खरी नक्कल

डिसेंबरात मुंबईहून ट्रक भरभरून फायली येतात
आणि आकाशवाणी चौकामागच्या माझ्या गल्लीत
दोन आठवडे सरकार राहायला येतं.
निवेदनं, लक्षवेधी, मोर्चेकऱ्यांची पत्रकं.
पानाला दोन रुपये. पाठपोट असेल तर तीन.

त्या गुरुवारी शटर अर्धं खाली होतं.
मफलर गुंडाळलेला एक माणूस वाकून आत आला.
(नाव सांगणार नाही. पोलिसांना नाही सांगितलं,
तुम्ही कोण?)
एकेचाळीस पानं. प्रत्येकावर जांभळा शिक्का : गोपनीय.
शिक्क्याचीही नक्कल निघते, एकेचाळीस वेळा,
फक्त रंग जातो.

आम्ही वाचत नाही. धंद्याचा नियम आहे.
पण तीस वर्षांत उलटी अक्षरंही सुलटी दिसू लागतात,
आणि सतरावं पान नेमकं मशीनमध्ये अडकलं.
ड्रमला धक्का न लावता हळूच ओढून काढलं :
विहिरींचा तक्ता. राखेच्या तलावाभोवतीची गावं.
शेवटचा रकाना, पिण्यास योग्य?
नाही. नाही. नाही. नाही.
नवव्या ओळीवर खैरटोला.
खैरटोल्यात माझी बहीण दिली आहे.

चुरगळलेलं पान रद्दीत टाकायचं असतं.
मी खिशात टाकलं.

रविवारी गेलो. पाहुण्याला आधी पाणी देतात.
कौतिकानं तांब्या पुढं केला,
"थंडगार आहे दादा, आपल्याच विहिरीचं."
काय बोलणार होतो मी?
कागद माझा नव्हता.
मफलरवाल्याची नोकरी होती, दोन पोरी कॉलेजात.
आणि शिक्का होता, रंग गेलेला, तरी शिक्काच.
प्यालो.
उरलेलं भाचीनं पिऊन टाकलं, उभ्याउभ्या.

छापून यायला मंगळवार उजाडला.
गुरुवार ते मंगळवार, पाच दिवस,
मीच सरकार होतो.

हेडाऊ मॅडमनं तक्ता जसाच्या तसा लावला,
पहिल्या पानावर, घडीच्या वर.
सभागृहात दोन दिवस गोंधळ.
असा अहवालच अस्तित्वात नाही, म्हणाले,
आणि तो चोरला कोणी ते शोधून काढू, असंही म्हणाले.
विहिरीवर कोणी बोललं नाही.
मॅडमला बोलावून सहा तास लाकडी बाकावर बसवलं.
स्रोत कोण, स्रोत कोण, एकच घोषा.
त्या म्हणाल्या, "स्रोत दूषित आहे साहेब,
तेच तर छापलंय."

मग माझ्याकडे आले. मशीन उलटीपालटी केली.
"यात मेमरी असते ना बे?"
"नव्या मशीनले असते साहेब. हे जुनी आहे."
खरंच सांगितलं. मशीनला नाही.

आता खैरटोल्याची माणसं येतात, कात्रण घेऊन.
अर्जाला जोडायचं असतं,
वर लिहायचं खरी नक्कल, खाली सही.
सगळ्यांकडून पैसे घेतो मी.
फुकट दिलं तर कुणाच्या तरी लक्षात राहील.

काल कौतिका आली.
इतरांसारखीच रांगेत उभी राहिली,
कात्रण स्वतःच्या हातानं काचेवर पालथं ठेवलं.
"लोक म्हणून राहिले, इथंच कुठंतरी झाली ते झेरॉक्स."
मी झाकण लावलं.
"कोणत्या दिवशी झाली असन, दादा?"

हिरवा उजेड
काचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला.

"किती प्रती?"
मी विचारलं.